वांझ वेल

दिवाळीच्या फराळात कर्टोलीला स्थान नाही, हे मला ठाऊक आहे. हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत तिचा हंगामही सरलेला असतो. वेल पिवळी पडून कुंपणावर सुतळीसारखी लोंबत असते आणि जमिनीखालचा कंद पुढच्या मृगापर्यंत गाढ झोपी गेलेला असतो. तरीही यंदाच्या पानासाठी मी कर्टोलीच निवडली, याला कारण एक पत्र.

दादरच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: ‘गावाहून आणलेला कर्टोलीचा एक कंद गच्चीवर पिंपात लावला. तीन पावसाळे झाले. वेल सुरेख वाढते, फुलांनी भरून जाते, पण एक फळ म्हणून धरत नाही. सासूबाई म्हणतात, वेल वांझ आहे, उपटून टाक. माझ्याच्याने उपटवत नाही. काय करू?’ पत्राच्या शेवटी, उत्तर लवकर हवे असल्यासारखी, त्यांनी दोन वेळा रेघ ओढली आहे. आणि एक फूल दाबून, वाळवून पत्रात घातले आहे. ते फार बरे केले. त्या फुलावरून सगळा उलगडा होतो.

तो सांगण्याआधी मला नांदगावला जायला हवे. मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने निघालात की कणकवलीच्या अलीकडे हे गाव लागते. जिथून देवगडचा रस्ता फुटतो तो नांदगावचा तिठा पुष्कळांना माहीत असेल. हल्ली कोकण रेल्वेचे ‘नांदगाव रोड’ नावाचे स्टेशनही आहे. समुद्र इथून दिसत नाही, पण बाजारातली मासळी आणि बोलण्यातला हेल सांगतो की किनारा लांब नाही. १९६६ आणि ६७ असे दोन पावसाळे मी तिथे आजीजवळ काढले. तिसरी आणि चौथी तिथल्याच शाळेत झाली.

आमच्या मालवणी मुलखात कर्टोलीला ‘फागला’ म्हणतात. घराच्या मागे जांभ्या दगडाचा गडगा होता, आणि त्या गडग्यावर फागलांच्या चार वेली दर पावसाळ्यात आपणहून उगवत. कोणी लावल्या नव्हत्या. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कोंब वर येत, पंधरा दिवसांत गडगा हिरवा होई, आणि आषाढात पिवळी फुले दिसू लागत. चारांपैकी तीन वेलींना फळे येत, चौथीला कधीच नाही. गंमत म्हणजे फुलांच्या बाबतीत चौथीच सर्वांत उधळी. ती बाकीच्यांच्या आधी फुलायची, आणि दुसऱ्या वेलीला पाच फुले असतील तर हिला पंचवीस.

आजीला हा उधळेपणा सोसत नसे. १९६६ च्या आषाढात एके दिवशी ती मागीलदारी उभी राहून म्हणाली, “ह्या वेलीक मी किती वर्सा बघतंय, एक फागला दिसूक नाय. वांझ आसा ती. उगाच जागा अडवता. उपटून टाक गो.”

शेवटचा ‘गो’ माझ्या धाकट्या काकीला होता. काकीने खुरपे घेतले, कंद खणून काढला आणि गडग्यापलीकडे टाकून दिला. मी शेजारी उभा होतो. कंद चांगला माझ्या मुठीएवढा होता. काकी काही बोलली नाही, पण हात धुताना बराच वेळ हात धूत राहिली, एवढे मला आठवते.

इथे काकीविषयी थोडे सांगायला हवे. लग्नाला अकरा वर्षे झाली होती, मूल नव्हते. काका परळच्या एका गिरणीत होते. गणपतीला दहा-बारा दिवस येत, एखाद्या वर्षी शिमग्यालाही. उरलेले वर्ष काकी नांदगावला आणि काका मुंबईला, मध्ये पोस्टमन आणि मनिऑर्डर. घरात कोणाची ओटी भरायची असली की काकी आपणहूनच स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसे. कोणी तिला बस म्हणत नसे, पण ये म्हणूनही हाक मारीत नसे. लहान मुलाला असल्या गोष्टी दिसतात, कळत नाहीत.

त्या साली वेल उपटली तेव्हा पहिली फळे धरून झाली होती, ती आम्ही खाल्ली. पुढची मात्र फुलाखाली इवलीशी दिसत, चार दिवसांत पिवळी पडत आणि गळत. १९६७ च्या पावसाळ्यात तर कहरच झाला. तीन वेली, तिन्ही फळणाऱ्या, तिन्हींना फुले. फुलाच्या बुडाशी काटेरी बारीक फागले अगदी स्पष्ट दिसे, आणि एकूण एक गळून जाई. आख्ख्या श्रावणात घरच्या फागलाची भाजी झाली नाही. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मग कोणीतरी शेजारीण म्हणाली की गडग्यापाशी गेल्या साली कोणाचा हात लागला होता ते बघा. तिने नाव घेतले नाही. घेण्याची गरजच नव्हती.

आता त्या वाळलेल्या फुलाकडे येऊ.

कर्टोलीची फुले दोन तऱ्हांची असतात, आणि एका वेलीवर एकाच तऱ्हेची. दोडका, काकडी, भोपळा यांच्या वेलीवर नरफुले आणि मादीफुले शेजारी शेजारी नांदतात; कर्टोलीत नराची वेल निराळी आणि मादीची निराळी. लांबून दोन्ही सारख्याच: तशीच पाने, तसेच तणावे, तीच पिवळी पाकळी. जवळ जाऊन देठ बघावा. नरफुलाचा देठ लांब, सडपातळ असतो आणि त्याच्या वरच्या टोकाशी, फुलाला अगदी लागून, एक हिरवी टोपी असते. टोपी म्हणजे एक वाकडे पान. कळी असताना ती तिला बाळाच्या कुंचीसारखे गुरफटून घेते. मादीफुलाला ही टोपी नसते. तिच्या देठावर एक लहानसे पान असते खरे, पण ते खाली, देठाच्या बुडाशी. आणि पाकळ्यांच्या खाली, जिथे नराला नुसता देठ, तिथे मादीला हिरव्या मऊ काट्यांची एक फुगीर गाठ असते. ती गाठ म्हणजेच उद्याची कर्टोली. पराग मिळाले तर फुगते, न मिळाले तर पिवळी पडून गळते. आमच्या गडग्यावर १९६७ साली घडले ते एवढेच. तीन सासुरवाशिणी आणि नवरा एकही नाही. तो आजीच्या हुकमाने आणि काकीच्या खुरप्याने गडग्यापलीकडे गेला होता.

दादरच्या भगिनींच्या पत्रातल्या फुलाला टोपी आहे. त्यांची वेल वांझ नाही. तो नर आहे.

आणि इथेच या झाडाची मोठी मौज आहे. आपल्या जुन्या वैद्यकात या फळ न धरणाऱ्या वेलीला स्वतंत्र नाव आहे: वंध्या कर्कोटकी. कर्कोटकी म्हणजे कर्टोली, आणि वंध्या म्हणजे वांझ. मराठीतही ‘वांझ कर्टोली’ हा शब्द वैद्यांच्या आणि काष्ठौषधी विकणाऱ्यांच्या तोंडी आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिची आणखी नावे दिली आहेत: देवी, कन्या, योगेश्वरी, नागारी. विषावर तिचा कंद उतारा म्हणून सांगितला आहे. (साप चावला तर कंद शोधत बसू नका, माणसाला तडक दवाखान्यात न्या. हे मी कोकणातल्या प्रत्येक लेखात लिहितो आणि लिहिणार.) म्हणजे पाहा, शतकानुशतके आपण एका पुरुषाला वांझ बाई म्हणत आलो, औषधासाठी त्याला देवी म्हटले, कन्या म्हटले, पण पुरुष म्हटले नाही. फळ नाही ना? मग दोष बाईचाच असणार, हे इतके पक्के ठरलेले की जिथे बाई नव्हतीच तिथेही ती कल्पून घेतली.

याच्या उलटही झाले आहे. झाडांत नर-मादी असतात हे आपल्या पूर्वजांना सुचले नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुड्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: मोठ्या फळाचा, पांढऱ्या फुलांचा, गुळगुळीत पानांचा तो पुरुष, आणि बारीक फळांची, तांबूस फुलांची ती स्त्री. आज अभ्यासक म्हणतात की या एका झाडाच्या दोन लिंगी नसून दोन वेगळ्याच जाती आहेत, कुडा आणि काळा कुडा. दोघांच्याही फुलांत स्त्री-पुरुष अवयव एकत्रच असतात. नजर तीक्ष्ण होती यात शंका नाही, फक्त ती फुलाच्या आत गेली नव्हती.

ती आत नेली ती जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या कामेरारियस नावाच्या प्राध्यापकाने, १६९४ साली. त्याआधी हजारो वर्षे अरबस्तान-इराककडले लोक खजुराच्या नराचा तुरा मादीवर झटकीत आले होते. पण का झटकायचा हे त्यांना सांगता येत नव्हते, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. कामेरारियसने प्रयोग केले. एरंडाच्या झाडावरची नरफुले उमलण्याआधी खुडून टाकली. बिया धरल्या नाहीत. आसपास नर नसलेल्या तुतीच्या एका मादीला फळे आलेली त्याने पाहिली, पण आतल्या बिया पोकळ निघाल्या. त्याने हे सगळे एका पत्रात लिहून आपल्या मित्राला कळवले, आणि वनस्पतिशास्त्रातले एक अजरामर प्रकरण म्हणून ते पत्र प्रसिद्ध आहे. पुढे लिनियसने १७३५ साली झाडांचे वर्ग पाडले तेव्हा नर-मादी वेगळ्या झाडांवर असणाऱ्यांचा एक निराळा वर्गच केला आणि त्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिले, त्याचा अर्थ ‘दोन घरे’. नवरा एका घरात, बायको दुसऱ्या घरात.

कर्टोलीचे शास्त्रीय नाव ‘मोमोर्डिका डायोइका’. मोमोर्डिका हे लॅटिनमधल्या ‘चावणे’ या शब्दावरून, कारण या कुळीतल्या बियांच्या कडा कोणी कुरतडल्यासारख्या दिसतात. आणि डायोइका म्हणजे तीच, दोन घरांची. हे नाव रॉक्सबर्गने दिलेले, जो कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या बागेचा प्रमुख होता. १८०५ साली विल्डेनोवच्या ग्रंथात ते छापून आले. कॉलेजात पहिल्यांदा हा अर्थ ऐकला तेव्हा वर्गातली मुले हसली. मला मात्र परळची गिरणी आणि नांदगावचे मागीलदार दिसले. दोन घरांचा संसार कोकणाला कोणी शिकवायला नको. आमच्या कित्येक पिढ्या तशाच वाढल्या, आणि कित्येक वाढल्याच नाहीत.

दोन घरांच्या संसारात पोस्टमन लागतो. खजुराला आणि ताडाला वारा मदत करतो. कर्टोलीचे पोस्टमन रात्रपाळीचे. तिची फुले संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास उमलतात; फिकट पिवळी, अंधारात उठून दिसणारी, जराशी उग्र वासाची. पतंग येतात, नराकडून पराग अंगावर घेतात आणि मादीकडे जातात. मादीकडे देण्यासारखे थोडेच असते, पण फूल नरासारखेच दिसते आणि पतंग फसतो. सकाळी उन्हे वर येईपर्यंत फूल मलूल होते. त्यामुळे दिवसा वेल बघणाऱ्याला या सगळ्या जाण्यायेण्याचा पत्ताच लागत नाही. सह्याद्रीत हिची एक जवळची बहीण आहे, तिला २००७ साली ‘मोमोर्डिका सह्याद्रिका’ असे आपल्या डोंगराचेच नाव मिळाले. तीही दोन घरांचीच, पण तिची फुले मोठी, गडद पिवळी आणि पहाटे उमलणारी. एकाच डोंगरातल्या बहिणी, एकीची रात्रपाळी आणि एकीची सकाळची!

निसर्गाने हा खटाटोप का केला असावा, हा प्रश्न सासूबाईही विचारतील. एकाच फुलात दोघे असते तर घरच्या घरी काम झाले नसते का? झाले असते, आणि बहुतेक झाडांत तसेच होते. फुले येणाऱ्या जातींपैकी शंभरात पाच-सहाच दोन घरांच्या आहेत. पण घरच्या घरी परागण म्हणजे सख्ख्यांतले लग्न, त्याचे दोष पिढ्यांतून साठत जातात. वेगळी घरे केली की प्रत्येक बी परक्या घरचे रक्त घेऊन येते. शिवाय कामाची वाटणी होते. फळ पोसणे हे महाग काम, ते मादीकडे. फुले उधळणे हे स्वस्त काम, ते नराकडे. म्हणून नर आधी फुलतो आणि पुष्कळ फुलतो. आजीला जी उधळपट्टी वाटली, ती त्याची नोकरी होती.

किंमतही आहेच. निम्मी झाडे फळ देत नाहीत, आणि माणसाच्या हिशेबी फळ न देणारे ते निकामी. आमच्या भागात हा हिशेब रातांब्याच्या बाबतीत अधिक कडू होतो. रातांबा म्हणजे कोकम, गोव्याकडे आणि आमच्याकडे ‘भिरंड’. सह्याद्रीच्या उतारावरचे, आपले खास रानझाड. बी रुजवून रोप केले तर पहिले फूल दिसायला सहा-सात वर्षे, कधी त्याहून जास्त. तोवर नर की मादी हे पान बघून सांगता येत नाही. सात वर्षे पाणी घालायचे, गुरांपासून राखायचे, आणि मग फुलांचे झुबके येतात: प्रत्येक फुलात नुसती पिवळसर केसरांची गुंडी, मधे फळाचा मागमूस नाही. नर! अशी बियांची रोपे लावलेल्या बागेत साधारण निम्मी झाडे नर निघतात. शेतकऱ्याने कुऱ्हाड उचलली तर त्याला मी तरी दोष देणार नाही. पण सगळीच नर झाडे तोडणाऱ्याची पुढची सोले शेजाऱ्याच्या नरावर आणि दैवावर अवलंबून राहतात. रातांब्यात काही झाडांवर दोन्ही अवयवांची फुले येतात म्हणून कधी कधी निभावते, एवढेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या निवडक जाती दिल्या आणि मादीच्या फांदीची कलमे बांधायची रीत रुळवली, तेव्हा हा सात वर्षांचा जुगार संपला. कलमाच्या बागेतही शंभरात आठ-दहा झाडे नर ठेवा असेच सांगतात.

केवड्याचे तर सगळेच उलटे. ज्या सोनेरी, घमघमणाऱ्या कणसासाठी आपण नाग असतील म्हणून भीत भीत बनात शिरतो ते नराचे. मादीला अननसासारखे फळ येते, आणि तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. गौरीच्या वेणीत माळतो तो केवडा पुरुष आहे, हे वाचून कोणी तो काढून ठेवू नये. शहरातल्या वाचकांना याहून जवळचे उदाहरण म्हणजे चाळीमागची पपई. लांब लांब लोंबत्या देठांवर बारीक फुलांचे घोस आले की तो नर. त्याच्या खोडात खिळा ठोकला की फळ धरते, असे सांगणारे प्रत्येक चाळीत एक गृहस्थ असतात. नर पपई क्वचित आपण होऊन एखादे फळ देते. त्याचे श्रेय खिळ्याला जाते.

कर्टोलीवर मात्र शास्त्रज्ञांनी खरोखरच खिळ्यासारखा एक प्रयोग केला आहे. मादी वेलीवर कळ्या धरायच्या वेळी सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीच्या क्षाराचे विरळ पाणी फवारले, तर तिच्या काही फुलांत मादीच्या अवयवांबरोबर पुंकेसरही येतात. झाडाच्या अंगात इथिलीन नावाचा वायू तयार होतो आणि काकडीच्या कुळात तो बाईपणाच्या बाजूने वजन टाकतो. चांदी त्याचे काम अडवते. म्हणजे मादीच्या अंगात नर व्हायची तयारी असते, फक्त दाबून ठेवलेली असते. प्रयोगशाळेबाहेर याचा कोणाला उपयोग नाही. गच्चीवर तर करूच नये. पण ‘ही अशीच आणि तो तसाच’ असे झाडही इतके ठामपणे म्हणत नाही, एवढे समजले तरी पुष्कळ.

गडग्याची गोष्ट अर्धी राहिली.

१९६७ च्या श्रावणात एका संध्याकाळी काकी मला म्हणाली, “बाबू, चल माझ्या वांगडा.” हातात कंदील, टोपली आणि खुरपे. आम्ही घरामागच्या डोंगराच्या कडेला गेलो. तिथे करवंदीच्या जाळीवर रानातली फागले होती, आणि त्यांना फळे लगडलेली. काकीने कंदील वर धरला. दोन वेली एकमेकींत गुंतल्या होत्या, एक फळांची आणि एक नुसत्या फुलांची. ती म्हणाली, “डोंगरार ह्यो दोनय वेली वांगडाच आसतत. मी चार दिस बघतंय. एकटी खयच नाय.” मग तिने फुलांच्या वेलीचा माग काढीत काढीत तिचे मूळ गाठले आणि मातीसकट कंद उचलला. तो आम्ही गडग्यापाशी लावला नाही. मांगराच्या मागे, जिथे आजी कधी जात नसे, तिथे लावला. “कोणाक सांगा नको हां.”

मी सांगितले नाही. काकीने कामेरारियस वाचला नव्हता. ती चौथीपर्यंत शिकली होती. तिने फक्त चार संध्याकाळी एका जाळीकडे पाहिले होते, आणि जिला सगळे वांझ म्हणतात ती वेल तिथे नेहमी का असते, असा प्रश्न स्वतःला विचारला होता. तो प्रश्न आमच्या घरात दुसऱ्या कोणाला पडला नव्हता. पडायचे कारणही नव्हते.

पुढच्या वर्षी मी मुंबईला आलो. १९६८ च्या गणपतीत काकांबरोबर गेलो तर पहिल्याच दिवशी ताटात फागलाची भाजी, ओले खोबरे घालून. आजी म्हणाली, “देवान आयकल्यान.” काकीने मला आणखी एक वाढण वाढले आणि माझ्याकडे पाहिले नाही.

काकीला मूल झाले नाही. तिला दोन वेळा डॉक्टरांकडे नेले, एकदा देवऋष्याकडे आणि नवस तर किती केले त्याला गणती नाही. काकांना कोणी कुठे नेले नाही. कोणाला सुचलेच नाही. आज वैद्यक सांगते की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा वाट्याला, असते. काका-काकीच्या बाबतीत काय होते हे आता कोणालाच कळणार नाही. कदाचित वर्षातले दहा-बारा दिवस एवढेच कारण असेल. दोघेही गेली. मांगर पडला. त्याच्या मागची वेल अजून आहे. पावसाळ्यात जाणे झाले तर मी बघून येतो.

तर दादरच्या भगिनींना उत्तर असे. वेल उपटू नका. तिला जोडीदारीण आणा. कर्टोलीचे बी रुजायला फार हट्टी असते, आणि रुजले तरी नर-मादी निघणे नशिबावर. म्हणून कंदच आणावा. मादीच्या कंदातून मादीच येते, नराच्या कंदातून नर. पावसाळ्यात, फुले असताना, फळे धरलेली वेल स्वतः बघून तिला खूण बांधून ठेवायला गावी कोणाला तरी सांगा, आणि वेल वाळल्यावर किंवा उन्हाळ्यात कंद काढून आणा. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, तेव्हा तुमच्या एका नरावर शेजारणींच्या गच्च्याही भागतील. दादरला रात्रीचे पतंग किती येतील याचा मला भरवसा नाही. म्हणून संध्याकाळी फुले उमलल्यावर एक नरफूल खुडा, पाकळ्या मागे करा आणि त्यातले केसर मादीफुलाच्या मधल्या टोकावर हलकेच टेकवा. एक नरफूल दोन-तीन माद्यांना चालते. ज्या फुलाला टेकवले त्याला दोरा बांधा. चार दिवसांनी गाठ हिरवी राहिली आणि फुगू लागली की काम झाले. फळ कोवळे असताना, बिया टणक व्हायच्या आधी काढावे. सासूबाईंनाही एकदा संध्याकाळी गच्चीवर न्यावे. टोपी कुठली आणि गाठ कुठली ते त्यांना दाखवावे. म्हातारी माणसे अशा गोष्टी आपल्याहून लवकर ओळखतात, आधी कोणी दाखवलेल्या नसतात इतकेच.

नर हवा असेल तर मात्र पंचाईत आहे. मागे कणकवलीच्या आठवडा बाजारात पावसाळ्यात एक म्हातारी फागले घेऊन बसली होती. तिला म्हटले, “पुढच्या खेपेला एक कंद आणशील का? पण फळ न येणाऱ्या वेलीचा हवा.” तिने तराजू खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि शेजारणीला कोपराने ढोसून हसत विचारले,

“वांझ वेल कित्याक व्हयी तुमका?”

मी तिच्याजवळ बसलो. तिच्या टोपलीत फळांबरोबर आलेली दोन-तीन मलूल फुले होती, त्यांतले एक उचलले आणि तिला देठ दाखवला.